तुम्ही विचारलंत म्हणून: चाकू काळा का ठेवता?

पेरू कापायला घडीचा चाकू काढला की ठरलेलं वाक्य येतं, "अहो, पातं किती काळं पडलंय. ब्रासो का नाही मारत?" दुसरी जमात याच्या बरोबर उलटी. नवं कोरं कार्बन स्टीलचं, म्हणजे गंजणाऱ्या पोलादाचं, पातं हातात आलं की ते पॅटिनासाठी, म्हणजे वरच्या काळपट थरासाठी, त्याच संध्याकाळी व्हिनेगरमध्ये बुडवतात आणि दुसऱ्या दिवशी विचारतात, "पॅटिना डागाडागांनी आला, काय चुकलं?" दोन्ही जमातींना एकदाच सांगून टाकतो.

रंगावरून भांडू नका. पातं काळं आहे की चकचकीत, यापेक्षा त्यावरचा गंज जिवंत आहे का, ते बघा. पांढऱ्या टिश्यूवर तेलाचे दोन थेंब घ्या आणि पातं पाठीकडून धारेकडे पुसा. टिश्यूवर विटकरी रंग आला, तर गंज चालू आहे. राखाडी-काळा पुसटसा डाग आला, तर तो थर आहे, राहू द्या. नख फिरवूनही कळतं. थर गुळगुळीत लागतो, गंज खरखरतो. तांबूस गंज सच्छिद्र असतो, फुगतो, पापुद्र्याने सुटतो आणि खालचा धातू पुन्हा उघडा पडतो. काळा थर त्या मानाने घट्ट बसतो आणि कमी फुगतो. दोन्हींत लोखंडच आहे, पण वागणूक वेगळी.

ज्यांच्या घरी लोखंडी विळी आहे, त्यांना खरं तर हे सांगायला नको. आवळा चिरला की विळीचं पातं जांभळट काळं होतं. केसांना लावायची आवळा पूड लोखंडी कढईत रात्रभर भिजवतात ती याचसाठी: आवळ्यातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग तयार होतो. सुपारीने अडकित्ता काळवंडतो, तोही असाच. विळी काळी म्हणून कोणी नाक मुरडत नाही. राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते बघताना कोणी खिशातून ब्रासोची बाटली काढल्याचं ऐकलं नाही. चाकूच तेवढा सलूनमधून आल्यासारखा का दिसायला हवा?

काळ्या थराची बाजू घेतो म्हणून त्याचं खोटं कौतुकही करणार नाही. "पॅटिना आला की गंज लागत नाही" हे मीही वर्षानुवर्षं सांगत आलो आणि ते चूक आहे. थर गंजाला सावकाश करतो, थांबवत नाही. शिवाय धार लावली की धारेवरचा थर जातोच. म्हणजे जिथे धातू सर्वांत पातळ आणि जिथे गंज सर्वांत महागात पडतो, नेमकी तीच कड कायम उघडी. पुण्यात जून ते सप्टेंबर धार लावून चाकू नुसता पुसून ठेवला, तर दोन दिवसांत कडेवर केशरी रेघ दिसते. पातं कितीही काळं असो.

आता बफिंग, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर पातं चकाकवणं. यावर मी एवढा चिडून का बोलतो, असं विचारतात, म्हणून तो चाकू सांगतो. चाकू माझा नव्हता, सल्ला माझा होता.

जुन्या बाजारातून आलेला, इंग्लंडातल्या शेफिल्डचा, शिंगाची मूठ, आत पितळी पट्ट्या. पातं बहुतेक सगळं एकसारखं राखाडी, फक्त रिव्हेटपाशी, म्हणजे पातं ज्या खिळ्यावर फिरतं तिथे, दोन-तीन तांबूस ठिपके. "एकदा बफ करून घ्या, नव्यासारखा होईल," हे माझे शब्द. ठिपक्यांचं काम पाच मिनिटांचं, पण चाकावर गेलं आख्खं पातं. परत आलं तेव्हा आरशासारखं होतं, आणि घरात सगळ्यांनी त्यात तोंड बघून घेतलं. मग पात्याच्या बुडाशी नजर गेली. तिथे ठोकलेल्या 'शेफिल्ड'मधलं अर्धं नाव गेलं होतं, राहिलं होतं नुसतं 'फिल्ड'. नखाने पातं उघडायची खाच बोथट होऊन नख सटकत होतं. पाठीचे कोपरे साबणाच्या वडीसारखे गोल झाले होते.

हे डोळ्यांना दिसणारं. खरं नुकसान टोकाला होतं. तिथे सेंटीमीटरभर निळसर झाक होती. अशा पात्याचं टेम्परिंग, म्हणजे कडक पोलादाचा ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवणं, साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास केलेलं असतं; त्याहून जास्त तापलं की पोलाद मऊ पडतं. पोलादावर निळा रंग येतो ३०० च्या सुमाराला. टोकाला आणि धारेला धातूच कमी, चाकाची उष्णता पसरायला जागा नाही, त्यामुळे तेवढाच भाग तापून मऊ पडतो. धार लावायच्या १००० नंबरच्या दगडावर बाकीच्या धारेची बर, म्हणजे घासताना कडेवर येणारी धातूची पातळ किनार, सुटली, टोकाची सुटेना. इकडून तिकडे लोळत राहिली. वाईट म्हणजे बफवर आणखी एक हात मारला की निळा रंग निघून जातो, मऊपणा मात्र तसाच राहतो. या टोकाची झाक राहिली म्हणून कळलं तरी.

चाकाला लावायच्या बफिंगच्या वडीचा चिकट कीस रिव्हेटच्या सांध्यात गेला, तो वेगळाच. त्यात घासकाम करणारी पूड असते. रॉकेल घालून चार-पाच वेळा धुतलं, तरी पातं उघडताना किरकिर ऐकू यायची.

आणि आठवड्याभराने, जुलैत, त्या आरशाच्या मधोमध अंगठ्याचा ठसा उमटला. आधार कार्डाला चालेल असा, रेघ न् रेघ, फक्त तांबूस. कुणीतरी कौतुकाने हात लावला होता आणि घामातल्या मिठाने बाकीचं केलं. राखाडी पात्यावर असा ठसा एवढ्या लवकर उमटला नसता.

यावर कोणी म्हणेल, चूक बफवाल्याची. मला ते पटत नाही. हाताने पॉलिश पेपर मारला असता तर टोक वाचलं असतं, 'शे' तरीही झिजलाच असता. पॉलिश म्हणजे धातू काढणंच.

म्हणून ठिपक्यांसाठी माझी पद्धत: शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब ठिपक्यावर, दहा मिनिटं थांबायचं, मग ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा करून तेवढ्याच जागी घासायचं. फॉइल पोलादापेक्षा मऊ, ओरखडे जवळजवळ पडत नाहीत. नाही गेला तर ०००० नंबरचं, म्हणजे अगदी बारीक, स्टील वूल, तेही तेलासकट. हिरवी घासणी नको, तिचे ओरखडे दिसतात आणि त्यांत पाणी थांबतं.

मुद्दाम काळं करायचंच असेल, तर पातं आधी भांड्याच्या साबणाने आणि मग स्पिरिटने पुसा. डागाडागांनी येतं ते नव्वद टक्के बोटांच्या तेलकटपणामुळे. चाकू बुडवू नका, व्हिनेगर सांध्यात शिरलं की आतून गंजतो. कोमट व्हिनेगर टिश्यूला लावून पात्यावर वीस मिनिटं गुंडाळा, धुवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, लगेच कोरडं करा, तेल लावा. पहिला थर पुसट येतो, तीनदा करावं लागतं. नाहीतर आवळ्याच्या दिवसांत दोन किलो आवळे चिरून द्या, घरचेही खूश. खायला वापरायच्या चाकूला औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन बरं. शेंगदाणा तेल खवट आणि चिकट होतं, खोबरेल थंडीत सांध्यात गोठतं. आणि पावसाळ्यात चामड्याच्या पाकिटात ठेवू नका. चामडं ओल धरतं.

पॉलिशवाल्यांचं एक म्हणणं मात्र मला खोडता आलेलं नाही. आरशासारख्या पात्यावर ओरखडे कमी, म्हणून ओल धरायला जागा कमी. रोज पुसणाऱ्याच्या हातात तो चाकू काळ्यापेक्षा कमी गंजेल. रोज पुसणारे किती, हा प्रश्न वेगळा. आणि काळ्या पात्याचा आमचा अभिमान हाही थोडा मिरवण्याचाच प्रकार आहे, जीन्स मुद्दाम फाडून घालतात तसा.

तो शेफिल्ड अजून आहे. टोकाचा मऊ पडलेला भाग काढून पाणी लावत हाताने नवीन धार काढली, आता धरते. अंगठ्याचा गंज निघाला, पण रेघांच्या जागी बारीक खड्डे राहिले. ते घालवायचे तर सगळं पातं खड्ड्याच्या तळापर्यंत उतरवावं लागेल, म्हणजे उरलेलं 'फिल्ड'ही जाईल. मालक म्हणतात, घालवा. मी नाही म्हणतो. सध्या तो तेल लावून माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे.