बागेतल्या घराला इन्व्हर्टर केवढा?

राजापूरकडच्या आमच्या कलमांच्या बागेपासून महावितरणचा खांब फार लांब. त्यामुळे घराला वीज सोलरचीच, हे पाया खणतानाच ठरलं होतं. दुकानदार म्हणाला, "ताई, सरळ ५ केव्हीएचा इन्व्हर्टर घ्या, पुन्हा बघायला नको." केव्हीए म्हणजे इन्व्हर्टर एका वेळी किती लोड पेलतो त्याचं माप. बहुतेकांना हाच सल्ला मिळतो, आणि मला तो पटत नाही.

चालू इन्व्हर्टर घरात एकही दिवा लागलेला नसताना वीज खातो. कॅटलॉगमध्ये 'नो लोड'समोरचा आकडा बघा. त्या ५ केव्हीएला तो ५० वॅट होता, म्हणजे चोवीस तासांत १२०० वॅट-अवर (वॅट गुणिले तास). १२ व्होल्ट १५० एएचच्या (अँपिअर-अवर) ट्युब्युलर, म्हणजे लेड-ॲसिड प्रकारच्या, बॅटरीत १८०० वॅट-अवर असतात आणि ती टिकायची तर निम्म्याच वापरायच्या. म्हणजे एका बॅटरीपेक्षा जास्त वीज नुसती यंत्र जागं ठेवायला! मे महिन्यात हे जाणवणारही नाही. आषाढात आठवडाभर सूर्य दिसत नाही, तेव्हा जाणवतं.

म्हणून मी घरातल्या वस्तूंची नुसती बेरीज केली नाही, एका वेळी काय काय चालतं ते पाहिलं. आमच्याकडे ती वेळ संध्याकाळची, आई आमटीचं वाटण लावते तेव्हाची. मिक्सर ७५० वॅट, फ्रिज सव्वाशे, कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे चार मिळून सव्वाशेच्या आत, दिवे आणि राउटर शंभर. झाले अकराशे. २ केव्हीएचा इन्व्हर्टर ०.८ पॉवर फॅक्टरने (केव्हीएतला प्रत्यक्ष वॅटमध्ये मिळणारा भाग) १६०० वॅट देतो, म्हणून आम्हाला तोच पुरे. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कित्येक पट करंट ओढतो, त्यासाठी वरची जागा हवीच. शिवाय इन्व्हर्टर किती सेकंद किती जास्त लोड पेलतो, तेही विचारून घ्या. आणि घ्यायचा तो प्युअर साइन वेव्हच, म्हणजे महावितरणसारखीच गुळगुळीत लहरीची वीज देणारा.

खरा प्रश्न विहिरीवरच्या पंपाचा होता. अर्ध्या एचपीची साधी मोटर चालू होताना पाच-सहा पट करंट घेते. निव्वळ तिच्यासाठी मोठा इन्व्हर्टर घेणं मला मान्य नव्हतं. म्हणून पॅनलच्या विजेवर थेट चालणारा डीसी पंप पॅनलवरच जोडला. ऊन असेल तेव्हा टाकी भरते, बॅटरीला हात लागत नाही.

सिस्टिम २४ व्होल्टची केली. १६०० वॅटला १२ व्होल्टवर १३३ अँपिअर लागतात, २४ वर ६७. केबल तेवढी बारीक चालते आणि कमी तापते. गिझर घेतलाच नाही, अंघोळीचं पाणी चुलीवर तापतं.