मूळ गाव

परवा संध्याकाळी मजूर होळीसाठी गावी गेले आणि साइट एकदम सुनी झाली. छोटाउदेपूर आणि दाहोदकडची ही माणसे दुप्पट मजुरी कबूल केली तरी होळीला वडोदऱ्यात थांबत नाहीत, हे मी १९८८ पासून पाहत आलो आहे. निघताना मिस्त्रीने हिशेब घेतला, पेटी टेम्पोत चढवली आणि सहज विचारले, ‘शेठ, तमारुं गाम क्यां?’ मी म्हणालो, वडोदरा. तो म्हणाला, ‘ए तो काम छे, शेठ. गाम क्यां?’

मला उत्तर देता आले नाही. दहिवडी असे म्हणता आले असते. पण माण तालुक्यातल्या दुष्काळातून निघालो तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो, आणि आता तिथे घर म्हणून जे उरले आहे त्याविषयी भाऊ आणि मी बोलत नाही.

आज स्लॅबला पाणी द्यायला कोणी नव्हते, म्हणून सकाळी मीच वर चढलो. स्लॅब टाकून चारच दिवस झाले आहेत. निदान सात दिवस तो ओला राहिला पाहिजे, आणि या उन्हात वाफ्यांतले पाणी दुपारपर्यंत आटत जाते. नळी धरून उभा असताना फार एकटे वाटले. या शहरात इतक्यांची घरे बांधली आणि मला गाव विचारल्यावर माझीच जीभ अडखळली.

संध्याकाळी इथल्या आमच्या मराठी मंडळाचे सभासद-अर्ज घेऊन बसलो. ११ मार्चला सयाजीराव महाराजांची जयंती आहे, त्याआधी सभासदांची यादी पुरी करायची आहे. अर्जातला ‘मूळ गाव’ हा रकाना मीच घालायला लावला होता, नव्याने आलेल्या माणसाला आपल्या भागातले कोणी भेटावे म्हणून. माझ्याच अर्जावर तिथे पेन थांबले. महाराजही नाशिककडच्या कवळाण्याचे. १८७५ मध्ये दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते. त्यांना हा प्रश्न कोणी विचारला असेल का, असे मनात आले.

मिस्त्रीचे माप सरळ आहे: ज्यासाठी माणूस हातातले काम टाकून जातो, ते त्याचे गाव. त्या मापाने पाहिले तर गणपतीचे दहा दिवस माझी साइट बंद असते आणि मी दांडिया बाजारातल्या आमच्या मंडपात सतरंज्या अंथरण्यापासून विसर्जनापर्यंत उभा असतो. हे त्याला तेव्हाच सांगायला हवे होते. रकान्यात मी दहिवडीच लिहिले, कारण तिथे ‘मूळ’ असे विचारले आहे, आणि ते लिहिताना हात अडला नाही.

रात्री त्याचा फोन आला. मागे ढोल वाजत होते. आधी विचारले, ‘पाणी भर्युं, शेठ?’ मग त्यांच्याकडच्या कवांटला, आदिवासींच्या घेर नाचाच्या मेळ्याला या म्हणाला. मी हो म्हटले नाही; पण मेळा होळीनंतर तिसऱ्या दिवशी भरतो, आणि तोवर स्लॅबचे सात दिवस पुरे झालेले असतील.