इंटरव्हलचा ब्लॉक संपला, आता थोडं हृदयाबद्दल

तर मंडळी, माझ्या पळण्याच्या ट्रेनिंगमधला इंटरव्हलचा ब्लॉक, म्हणजे ठरावीक अंतर जोरात पळायचं, थोडी विश्रांती घ्यायची आणि पुन्हा तेच करायचं (त्यातलं प्रत्येक अंतर म्हणजे एक रिपीट) असा टप्पा, एकदाचा पूर्ण झाला. ८०० मीटरचे रिपीट आता शेवटपर्यंत एका वेगात निघतायत, आधी पहिले दोन जोरात जायचे आणि मग पुढचे नुसते ओढत न्यायचे, आता शेवटचा उलट एखाद सेकंद लवकरच होतो. रेस्टिंग पल्सही खाली आलीय. सकाळी अंथरुणातच गळ्यावर दोन बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर मोजतो, हाताला घड्याळ आहे तरी, कारण बोटाखाली ठोका एकसारखा पडतोय का मधेच चुकतोय हे लगेच कळतं आणि मला ते आकड्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

का, तर एवढं जोरात पळून पुढे जाऊन शरीराची वाट लागते का, हा प्रश्न आपल्याला सगळेच विचारतात, आणि विचारणारा बोट दाखवतो नेमकं गुडघ्यांकडे. गुडघ्यांची मला खरंच काळजी नाही. २०१७ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता, त्यात हौशी रनर्समध्ये गुडघे-खुब्याची झीज साधारण ३.५ टक्के लोकांना, न पळणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक पातळीवर पळणाऱ्यांमध्ये १३.३ टक्के. म्हणजे आपण हौशी लोक सगळ्यात बऱ्या जागी आहोत. कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत अस्तराला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, दाब पडतो-सुटतो तसं तिला पोषण मिळतं, म्हणून बेताचा भार तिला हवाच असतो.

विचार करायचा तर हृदयाच्या लयीचा करा. स्वीडनमध्ये वासालोपेट नावाची ९० किलोमीटरची स्की रेस असते, तिच्यात १९८९ ते १९९८ मध्ये उतरलेल्या ५२ हजारांहून जास्त लोकांचा नंतर बरीच वर्षं मागोवा घेतला, तर जितक्या जास्त रेस आणि जितका फास्ट टाइम तितका ठोके अनियमित होण्याचा धोका जास्त निघाला, पाच किंवा जास्त रेस केलेल्यांना एकच केलेल्यांपेक्षा साधारण ३० टक्क्यांनी, आणि त्यातला मोठा भाग एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरण्याचा. वर्षानुवर्षं प्रचंड व्हॉल्यूम (एकूण व्यायामाचं प्रमाण) केला की हृदयाचे वरचे कप्पे ताणून मोठे होतात, ते यामागचं एक कारण मानलं जातं. हे हसण्यावारी नेण्यासारखं नाहीये, खासकरून चाळिशीनंतर.

पण म्हणून आयुष्य कमी होतं का? तसं दिसत नाही. १९४७ ते २०१२ मधले टूर द फ्रान्सचे ७८६ फ्रेंच सायकलपटू घेतले तर त्यांचा मृत्युदर सर्वसाधारण फ्रेंच पुरुषांपेक्षा ४१ टक्के कमी होता. आता ही माणसं मुळातच दणकट, निवडून आलेली, त्यामुळे सगळं श्रेय व्यायामाला देता येत नाही हे मान्य, तरी जोराच्या व्यायामाने माणूस लवकर जातो असं म्हणायला जागा उरत नाही. २०१५ मध्ये कोपनहेगनच्या अभ्यासावरून ‘जास्त जॉगिंग म्हणजे बसून राहण्याइतकंच वाईट’ अशा बातम्या आल्या होत्या, त्याचा मला अजून राग येतो, कारण त्या जोरात पळणाऱ्या गटात मृत्यूच झाले होते फक्त दोन! दोनवरून कसला निष्कर्ष काढताय.

माझं मत असंय की नुकसान जोराने कमी आणि रिकव्हरी न दिल्याने जास्त होतं. ट्रेनिंग वाढवलं आणि खाणं तेवढंच ठेवलं की हार्मोन्स बिघडतात, हाडं ठिसूळ होतात, बायकांची पाळी बंद पडते. नडगीवरून बोट दाबत खाली गेलं आणि एकाच नाण्याएवढ्या जागी जीव जाईल असं दुखलं तर ते साधं शिन स्प्लिंट (पळून पळून नडगी दुखणं) समजून पळू नका, स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला गेलेला बारीक तडा, असू शकतं, थांबा आणि दाखवून घ्या. आणि ताप असताना किंवा नुकता उतरल्यावर इंटरव्हल अजिबात नाही, व्हायरसमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असेल तर त्यावर जोर देणं जिवावर बेतू शकतं.

पुढचा ब्लॉक १००० मीटरच्या रिपीटचा. आठवड्यात हार्ड सेशन दोनच, मधे किमान दोन दिवस, बाकी सगळं बोलत बोलत पळता येईल इतकं सोपं. सकाळची पल्स नेहमीपेक्षा बरीच वर दिसली तर त्या दिवशी हार्डचं इझी करणार. तुमच्यात बरीच वर्षं लाँग डिस्टन्स करणारे आणि मधेच धडधड किंवा ठोका चुकल्यासारखं जाणवणारे कोणी असतील तर ईसीजी काढून घ्या, जमलं तर धडधड होत असतानाच, नंतर काढला तर बऱ्याचदा नॉर्मलच येतो.