हातात फोन असताना मी रस्ता का विचारते

"अगं, फोन आहे ना हातात? मग दर चौकात लोकांना काय विचारत बसतेस?" परक्या शहरात माझ्याबरोबर चाललेल्या जवळजवळ प्रत्येकाने हे कधी ना कधी विचारलंय. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सगळं सांगून टाकते.

फोनमधल्या नकाशावर आपली जागा दाखवणारा निळा ठिपका बिनकामाचा आहे असं मी म्हणतच नाही. उंच इमारतींमध्ये उपग्रहाचे संदेश भिंतींवर आपटून येतात, म्हणून तो शेजारच्या गल्लीत उडी मारतो. लोखंडाजवळ फोनमधलं होकायंत्र भलतीकडे वळतं. हे सावरता येतं, चार पावलं चाललं की कळतं. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती व्हेनिसपासूनची आहे.

तिथे बाबा बरोबर होते. गुडघे गेलेले, हातात काठी. स्टेशनपासून मुक्कामापर्यंत फोनने सगळ्यात जवळचा रस्ता दाखवला, आणि तो जवळचाच होता. पण व्हेनिसमध्ये चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. चढायचं, लगेच उतरायचं. फोनच्या लेखी पूल म्हणजे रेघेचा एक तुकडा. पहिला पूल बाबा माझा खांदा धरून चढले. दुसऱ्यावर कठड्याला टेकून बराच वेळ थांबले. तिसऱ्याच्या पायरीवर ते बसलेच, भर वाटेत. लोक त्यांना वळसा घालून जात होते. मी दुसरा रस्ता शोधत होते आणि ठिपका कालव्याच्या या काठावरून त्या काठावर जात होता. पत्त्याचाही आधार नाही, कारण तिथे घरांचे क्रमांक गल्लीप्रमाणे नसतात. शहराचे सहा भाग, आणि अख्ख्या भागाला एकच क्रम, हजारांत जाणारा. बाबा म्हणाले, "मी इथेच बसतो, तू जाऊन ये." आवाजात राग नव्हता, संकोच होता. तो मला आजही सहन होत नाही.

बाजाराची पिशवी ओढत एक बाई आल्या. मी विचारलं. त्यांनी फोनकडे पाहिलंही नाही. बाबांच्या काठीकडे पाहिलं आणि भलत्याच दिशेला हात केला. पूल न चढता काठाकाठाने धक्क्यावर जा, तिथून बोट घ्या. अंतर वाढलं, पण बाबा पोचले.

माझ्यातली जुनी मी, निघण्याआधी कागदी नकाशा पाठ करणारी, अजून वाद घालते. पूल नकाशावर होतेच, मोजायचे होतेस. खरं आहे, मोजता आले असते. पण त्या दुपारी बाबांना किती पूल झेपतील, हे कुठल्या नकाशावर होतं?

काही शहरं चालणाऱ्यांचा विचार करतात. पॅरिसमध्ये मी कमी विचारते. 1805 पासून तिथे घरांचे क्रमांक सेन नदीवर बेतलेत. नदीपासून दूर जाणाऱ्या रस्त्यावर ते नदीकडून सुरू होतात, समांतर रस्त्यावर प्रवाहाच्या दिशेने वाढतात, त्यामुळे दोन दारं पाहिली की दिशा कळते. लंडनमध्ये 2007 पासून पादचाऱ्यांसाठी लागू लागलेल्या फलकांवरच्या नकाशात उत्तर दिशा वर नसते. आपण जिकडे तोंड करून उभे, ती दिशा वर. पाच मिनिटांत चालत कुठवर जाता येईल, त्याचं वर्तुळही असतं. मला ते फलक मनापासून आवडतात. तरी त्या वर्तुळाशी उभी राहिले की प्रश्न पडतोच: ही पाच मिनिटं कुणाच्या पायांची?

आता तुमच्या बाजूचंही सांगते. लोक चुकीचं सांगतात, तेही अगदी ठामपणे. आणि एकटी असताना अंधार पडला की मी कुणालाच विचारत नाही, फोन म्हणेल तिथे वळते. म्हणजे शेवटी फोनच ना, असं तुम्ही म्हणाल. तेव्हा हो, फोनच. यातून नियम कसा काढायचा ते मला जमलेलं नाही.

पण बरोबरचं कुणी दमलं असेल, तर मी आधी माणूस शोधणार. तुम्हाला घाई असेल तर तुम्ही व्हा पुढे, मी विचारून येते.