लाकडी लोबेड ट्रेलर आणि डोकं खाणारी जीप

लोबेड, म्हणजे अवजड यंत्रं वाहणारा खोलगट ट्रेलर, त्याचं १:१६ मापाचं लाकडी मॉडेल ड्रॉइंगवरून करायला घेतलं. ट्रकची केबिन, चेसिस, चाकं, ट्रेलरचा खोलगट डेक हे सगळं झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. घोडं अडलं ते जीपपाशी. ट्रक आणि ट्रेलरच्या मधे लागणारी ती छोटी एक्सलवाली डॉली, म्हणजे चाकांची जोडगाडी, आपली नेहमीची जीप नव्हे. ड्रॉइंगमधे फक्त साइड व्ह्यू, जीपकडे एक बाण आणि नाव, बस. आता नुसत्या बाणावरून माणसाने कापायचं काय??

शेवटी खऱ्या लोबेडचे व्हिडिओ थांबवून थांबवून बघितले तेव्हा कळलं. जीपच्या पुढच्या टोकाखाली किंगपिन (खाली आलेली जाड पिन) असते, ती ट्रकच्या फिफ्थ व्हीलमधे (पाठीवरची, पिन अडकवायची प्लेट) बसते, आणि जीपच्या पाठीवर स्वतःचं दुसरं फिफ्थ व्हील असतं, त्यात ट्रेलरच्या गूजनेकची, म्हणजे पुढच्या वर वळलेल्या मानेची, किंगपिन. म्हणजे गूजनेकचं वजन ट्रकच्या आणि जीपच्या एक्सलवर वाटलं जातं. आणि पाठीवरचं ते फिफ्थ व्हील नेमकं कुठे, यावरच सगळा खेळ आहे. एक्सलच्या बरोब्बर डोक्यावर ठेवलं तर सगळा भार जीपवर, ट्रक मोकळाच. पुढची पिन आणि एक्सल यांच्या मधोमध ठेवलं तर अर्धा अर्धा. एक्सलच्या मागे गेलं की जीप तोंड वर करते, आणि लाकडात लॉक नसतो त्यामुळे पिन सरळ भोकाबाहेर. ही एवढी गोष्ट मापासकट लिहायला काय जात होतं या ड्रॉइंगवाल्यांचं? दोन एक्सल असतील तर दोन्हींचा मध्य धरा. मी एक्सलच्या थोडं पुढे ठेवलंय, मस्त बसलंय.

अरे हो, गूजनेक एका फळीतून कापू नका, वळणाच्या जागी लाकडाच्या रेषा आडव्या येतात आणि तिथेच तडकतं, प्लायचे थर चिकटवून करा. आणि पिनसाठी ६ मिमीची गोल दांडी घ्या. खऱ्या किंगपिन २ इंची आणि ३.५ इंची असतात, १:१६ मधे २ इंचीची जेमतेम ३ मिमी होते, लाकडात ती टिकणार नाही, ३.५ इंचीची मात्र साडेपाचच्या आसपास येते. भोक अर्धा मिमी मोठं पाडा, नाहीतर वळताना अडकतं.

जीपच्या आणि ट्रकच्या फिफ्थ व्हीलची उंची सारखीच ठेवा, म्हणजे जीप काढून ट्रेलर थेट ट्रकलाही लागतो.

मागचा बूस्टर, म्हणजे ट्रेलरच्या शेपटीला लागणारी जादा एक्सलची जोडगाडी, सोपा आहे, तो सगळ्यात शेवटी करा.

फक्त रिव्हर्स घेताना हे दोन ठिकाणी मुरडतं आणि जीप आडवी होते, पण ते खऱ्या ड्रायव्हरलाही सोपं नसतंच.