आमची वाटचाल : आधी उलटं करून बघा

आमच्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या बाईच्या हातात मी झबलं देते ते उलटं करून. सरळ बाजू नंतर. लेस, भरतकाम, गोंडे हे सगळं बघणाऱ्यासाठी असतं. बाळाच्या अंगाला लागते ती आतली बाजू. आतून दोरे लोंबत असतील, ओव्हरलॉकची, म्हणजे कडेला दोरे गुंफणाऱ्या मशीनची, टोचरी कड काखेत येत असेल, तर ते झबलं कितीही देखणं असलं तरी आमच्या दृष्टीनं ते शिवलेलंच नाही. सोलापूरच्या साखर पेठेतल्या दोन खोल्यांत वीस वर्षं हेच करत आलो.

सुरुवात 2004 साली झाली, आईच्या काळ्या उषा मशीनवर. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्या मशीनवर घर चाललं: परकर, पोलकी, साड्यांना फॉल. आईचा एक नियम होता, कापड पाण्यातून काढल्याशिवाय कात्री लावायची नाही. सुती कापड मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर सहज आटतं. मोठ्या माणसाच्या शर्टाला ते खपून जातं. बारा इंचांच्या झबल्यात मात्र गळा आवळला जातो. आम्ही आजही सगळं कापड रात्रभर भिजवतो, खळ काढतो, सावलीत वाळवतो. यात दोन दिवस जातात आणि गिऱ्हाईक म्हणतं, इतका वेळ कशाला? त्यासाठीच.

दुसरी मशीन अक्काची. अक्का दाजी पेठेतल्या, घरी तेलुगू. लहानपणी विड्या वळल्या, मग गणवेशाच्या कारखान्यात आठ वर्षं ओव्हरलॉकवर काढली. सोलापूरचे शाळेचे गणवेश लांबलांबच्या गावांत जातात. त्या हाफपँटांतल्या कितीतरी अक्कांच्या हातून गेल्या असतील. त्या एके दिवशी आईकडे ब्लाउज शिवायला आल्या आणि मी शिवत असलेलं झबलं उलटं करून म्हणाल्या, "ही कड तुझ्या गालाला लावून बघ." लावून बघितली. दुसऱ्या आठवड्यापासून आम्ही दोघी एकत्र काम करायला लागलो. कागद नाही, करार नाही. नफा निम्मा-निम्मा, आजही तसाच.

बंद शिवण अक्कांनी शिकवली. कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींवर ठेवून पहिली टीप मारायची, माया, म्हणजे टिपेबाहेर उरलेलं कापड, पाव इंचाहून कमी उरेल अशी कातरायची, पलटून दुसरी टीप. कच्ची कड आत कायमची बंद होते. मलमलीवर ही शिवण 11 नंबरच्या किंवा त्याहून बारीक सुईनंच मारावी. 14 नंबरची सुई लावून मलमल शिवणारे लोक मी बघितलेत, कापडाला चाळणीसारखी भोकं पडतात. अगदी नवजात बाळाच्या झबल्याला तर मी शिवण बाहेरच्या बाजूला ठेवते. लोक विचारतात, उलटं शिवलंय का? हो, मुद्दाम.

फर्मे, म्हणजे कापड बेतायचे नमुने, खाकी कागदाचे, खिळ्याला टांगलेले. जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण साडेतेरा-चौदा इंच असतो आणि वर्षाचं होईपर्यंत तो अठराच्या आसपास जातो. छातीचा घेरही तेव्हा जवळपास तेवढाच होतो. म्हणजे मोठ्यांच्या कपड्याचं माप लहान करून बाळाचं माप होत नाही. डोकं मोठं, मान जवळजवळ नाहीच, खांदे उतरते. हे ज्याला कळलं नाही त्याची कुंची बाळाच्या डोळ्यांवर उतरते. आमच्या कुंचीच्या मागे उजवीकडे तीन चुण्या आणि डावीकडे दोन असतात. पहिला फर्मा फाटला तेव्हा अक्कांनी जोड देऊन तो तसा बसवला. कुंची डोक्यावर इतकी छान बसली की आम्ही ते बदललं नाही. ही तीन-दोनची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

कात्री मेरठची, दहा इंची. तिला कागद लावायचा नाही, कागदाला वेगळी कात्री. बंद उलटवायला छत्रीची काडी. बाजारात त्यासाठी वेगळं हत्यार मिळतं, पण छत्रीच्या काडीएवढं सरळ आणि गुळगुळीत आम्हाला काही मिळालं नाही.

आमचं पहिलं पक्कं गिऱ्हाईक बाळीवेशीतल्या एक आजी. घरात कानडी, आमच्याशी मराठी. 2005 मध्ये त्या यजमानांचं जुनं धोतर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "नातवाची पहिली झबली यातून होऊ दे. नवं कापड बाळाच्या अंगाला नको गं." धोतर शेकडो वेळा धुतलेलं, सायीसारखं मऊ. त्यातून सहा झबली आणि दोन टोपडी निघाली. मी म्हटलं, कापड तुमचं आहे, शिलाई कमी घेते. त्या रागावल्या. "शिलाई कापडाची देते का मी? हाताची देते." प्रत्येक नातवंडाच्या वेळी त्या एक जुनं धोतर किंवा लुगडं घेऊन आल्या, पूर्ण पैसे देऊन गेल्या आणि शिवलेलं झबलं दारातच उलटं करून बघितलं. मी लोकांना झबलं उलटं करून देते, ती सवय त्यांची.

मधली नऊ-दहा वर्षं सुरळीत गेली. दोन मशिनींच्या पाच झाल्या, चार मुली कामाला आल्या, चादरी-टॉवेलच्या कारखान्यांतून टेरीचे कटपीस वजनावर आणून लाळेरी शिवायला लागलो, ती अजून चालतात. सोलापुरी टेरी पाणी ओढते तशी दुसरी ओढत नाही.

मग 2016 चा नोव्हेंबर. आठ तारखेला रात्री पाचशे-हजारच्या नोटा गेल्या. आमचं सगळं रोखीत. शनिवारी मुलींचा पगार रोख, कापडवाल्याला रोख, गिऱ्हाईक रोख. बारशाच्या ऑर्डरी थांबल्या. त्याच आठवड्यात शहरातल्या एका मोठ्या दुकानाचे मालक स्वतः आले. नाव लिहीत नाही. संक्रांतीला बोरन्हाणासाठी काळे कुंची-झबल्याचे 400 जोड हवेत, 260 रुपये जोड. पंधरा हजार आगाऊ दिले, नव्या नोटांत. त्या दिवसांत नव्या नोटांचं बंडल बघून मला काय वाटलं ते ज्यांनी रांगा लावल्या त्यांनाच कळेल.

काळं सुती कापड उधारीवर उचललं. कच्चा काळा रंग हा या धंद्यातला शत्रू. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, तसं होत नाही. ओल्या पांढऱ्या फडक्यावर कापड ठेवून गरम इस्त्री दाबा. फडकं काळं झालं तर तो तागा परत करा. आम्ही तीन तागे परत केले. 28 डिसेंबरला 400 जोड पोचवले. त्यांच्या माणसानं चिठ्ठी दिली, "माल मिळाला". एवढंच.

रथसप्तमी झाली आणि दुसऱ्या दिवशी दारात रिक्षा. तीन पोती. 312 जोड परत. मी फोन केला तर म्हणाले, "ताई, माल जांगडवर घेतला होता की ओ. ठेवा, पुढच्या वर्षी चालतील." जांगड म्हणजे विकेल तेवढ्याचेच पैसे, उरलेला माल परत. हा शब्द ऑर्डर देताना त्यांनी एकदाही उच्चारला नव्हता. काळे कपडे रथसप्तमीनंतर कोण घेणार? बारशाला काळं चालत नाही, वाढदिवसाला चालत नाही. पोती उघडली तर 18 आणि 20 ची मापं एकत्र कोंबलेली. काही जोडांवर दुकानात हलव्याचे दागिने टाचून मांडले होते, त्यांची साखर कापडाला चिकटलेली आणि तीनही पोत्यांत मुंग्या. मुंग्या झटकत आम्ही दोघी रात्री अकरापर्यंत बसलो होतो.

विकलेल्या 88 जोडांचे 22,880 झाले. आगाऊ रक्कम वजा जाता 7,880 येणं होतं. त्यांनी पाच हजार पाठवले आणि बाकी "सूट" म्हणून कापले. ते 2,880 रुपये आजतागायत आलेले नाहीत. रक्कम मोठी नाही हे मलाही कळतं. पण मी ती वहीत दरवर्षी पुढे ओढते.

कापडवाल्याचे अडतीस हजार अंगावर, मुलींचा दोन महिन्यांचा पगार थकलेला. दोघी सोडून गेल्या, त्यांना दोष देत नाही. दोन मशिनी विकल्या. आईची उषा विकायला काढली होती, अक्कांनी गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवलं. पुढचे चार महिने अक्कांनी एक रुपया उचलला नाही. दिवसा आमच्याकडे आणि रात्री घरी पुन्हा विड्या. सुटलेलं काम वीस वर्षांनी धरलं. सकाळी येत तेव्हा हातांना तंबाखूचा वास येई, म्हणून त्या साबणानं तीनदा हात धुऊन मगच मलमलीला हात लावत.

आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर त्या दुकानाच्या काचेत आमची कुंची दिसली. सॅटिनची, नायलॉनची लेस लावलेली, 150 रुपये. मी आत गेले, गिऱ्हाईक म्हणून मागितली आणि उलटी केली. शिवणीला माया जेमतेम सुतभर, एका धुण्यात उसवेल अशी. हनुवटीखाली हातभर लांब नाडी. मागे चुण्या मोजल्या. उजवीकडे तीन, डावीकडे दोन.

आमची सोडून गेलेली एक मुलगी अक्कांची भाची होती आणि ती त्यांच्याकडे कामाला लागली होती. एकोणीस वर्षांची पोर, तिला फर्मा मागितला, तिनं दिला. तिच्यावर माझा राग नाही. अक्का मात्र तिच्याशी दोन वर्षं बोलल्या नाहीत. माझा राग फर्मा मागणाऱ्यावर आहे. आणि त्यांनी चुण्या उचलल्या, माया नाही उचलली, याचा जास्त आहे. त्या लांब नाड्यांचा तर फारच. बाळाच्या गळ्याजवळ लांब नाडी कधीही नको, ती कुठंही अडकू शकते. आमचे बंद बांधल्यावर दोन बोटं उरतील एवढेच असतात. सुटणारा मणी किंवा टिकली तोंडात जाईल अशा जागी आम्ही लावतच नाही, गिऱ्हाईक मागत असलं तरी.

सावरलो ते आजींमुळे. डिसेंबर 2017 मध्ये त्या आल्या आणि या वेळी हातात जुनं धोतर नव्हतं. "गड्ड्याच्या यात्रेला आमच्या गल्लीतल्या पोरांना बाराबंदी पाहिजे. मोठ्यांची शिवून मिळते, दोन वर्षांच्या पोराची कोण शिवत नाही." सिद्धेश्वरांच्या यात्रेत पांढरी बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा अंगरखा, घालून नंदीध्वजांच्या उंच सजवलेल्या काठ्यांबरोबर चालणारी माणसं सोलापूरकराला सांगायला नकोत. पण ती वीतभर छातीवर बसवणं हे वेगळंच काम. एवढे बंद, प्रत्येक काडीनं उलटवलेला, आणि कडेवर घेतलेल्या पोराला टोचायचा नाही. पहिल्या दोन बिघडल्या. तिसरी अक्कांनी झबल्याच्या फर्म्यावरून काढली, पुढचा पदर तिरपा नेला आणि ती बसली. अकरा बाराबंद्या दिल्या. यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या दिवशी त्या पोरांना बघून आणखी बायका विचारत आल्या. पुढच्या वर्षी सत्तर झाल्या. त्यातल्या कितीतरी आया म्हणाल्या, बोरन्हाणाचं काळं पण आहे का तुमच्याकडे? होतंच. 312 जोड आम्ही पुन्हा धुतले, इस्त्री केले, मापं लावली आणि दोन संक्रांतींत आमच्या हातानं पूर्ण भावात विकले. कापडवाल्याचं देणं 2019 च्या पाडव्याला फिटलं.

करोनात मास्क शिवले, ते सगळ्यांनीच शिवले. त्याबद्दल लिहीत नाही.

शिवणकामात उतरणाऱ्या मुलींना सांगते. चिठ्ठीवर "पक्की विक्री" किंवा "जांगड" यातला एक शब्द समोरच्याच्या अक्षरात लिहून घ्या, परतीची शेवटची तारीख घ्या. सणाच्या मालाची परतीची तारीख सणाच्या आधीची असली पाहिजे. फर्मे रात्री घरी न्या. सुई मोडली तर तिचे सगळे तुकडे सापडेपर्यंत मशीन पुढे चालवू नका. आमच्याकडे मोडक्या सुया कागदावर चिकटवून तारीख घालतात. आणि भाव सांगताना मान खाली घालू नका.

आजी गेल्या वर्षी वारल्या. त्यांच्या सूनबाई एक धोतर आणि एक लुगडं देऊन गेल्या आहेत, घरात बाळ यायचं आहे. जन्माआधी शिवायचं नाही अशी त्यांच्याकडे रीत आहे, म्हणून दोन्ही धुऊन घडी घालून ठेवलंय. निरोप आला की दोन दिवसांत देऊ. तुमच्याकडेही तशी रीत असेल तर कापड आधी आणून द्या, टीप नंतर मारू. बाराबंदीचं माप मात्र दिवाळीच्या आत द्या, बाळ झोपलेलं असताना घेतलेलं.