फाईलवरचा शेरा

माझ्या जुन्या फाईलवर डॉक्टरांनी इंग्रजीत एक शेरा मारला होता. लेकीनं वाचून सांगितला, 'नॉन-कंप्लायंट. म्हणजे पेशंट सांगितलेलं ऐकत नाही.' मला ते फार लागलं. खोटं नव्हतं, म्हणून जास्तच लागलं.

मी कराडची. घरी ब्लाउज शिवते. ४४व्या वर्षी सकाळी उठल्यावर बोटं आखडायला लागली. मशीनवर बसून होत असेल, असं वाटायचं. पण बोटं मोकळी व्हायला दीड-दोन तास लागायचे आणि दुखायचे दोन्ही हात. एके दिवशी कात्रीच्या कडीत अंगठाच जाईना. तेव्हा तपासण्या केल्या. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, या आजारासाठीच्या रक्ताच्या दोन्ही तपासण्या पॉझिटिव्ह. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आपल्याकडे आमवात म्हणतात. म्हातारपणी गुडघे झिजतात तसलं हे नाही, यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. हे मला नीट कळलं ते खूप उशिरा.

मेथोट्रेक्सेट सुरू झालं, आठवड्यातून एकदा. रविवारी रात्री गोळ्या घेतल्या की सोमवार मळमळण्यात जायचा. माप घेताना गिऱ्हाइकाला तसंच सोडून मोरीकडे पळायचे. त्यातच जाऊबाईंनी सांगितलं, की त्यांच्या माहेरी कॅन्सरला हेच औषध दिलं होतं. मी गोळ्या बंद केल्या आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. पुढच्या खेपेला रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, 'औषध घ्यायचं नसेल तर येत जाऊ नका. बोटं वाकडी झाली की मग रडू नका.' मी गप्प उठले. नंतर एकाकडून पुड्या आणल्या. दोन दिवसांत दुखणं पळालं, महिन्याभरात चेहरा गरगरीत सुजला.

लेकीनं पुण्याला सांध्यांच्या स्पेशालिस्टकडे नेलं. डॉक्टर माझ्याहून लहान. जुनी फाईल शांतपणे वाचली आणि म्हणाल्या, 'काकू, इतकी औषधं असली की एखाद्या आठवड्याची गोळी राहतेच. तुमच्या महिन्यातून किती राहतात?'

'सगळ्याच,' मी म्हणाले. हे मी घरातही कबूल केलं नव्हतं.

'घेतल्यावर काय होतं?'

मग मळमळ, कॅन्सर, पुड्या, सगळं सांगून टाकलं. पुड्यांबद्दल त्या ओरडतील असं वाटलं होतं. 'दुखत होतं म्हणून घेतल्यात,' एवढंच म्हणाल्या. त्यात स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता होती. असं औषध एकदम तोडलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून त्यांनी मोजून स्टेरॉइड लिहून दिलं आणि पुढे हळूहळू उतरवलं. कॅन्सरचं म्हणाल तर औषध तेच, पण तिथली मात्रा कितीतरी पटींनी जास्त. मला आठवड्याला १५ मिलिग्रॅम. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, हेही मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी तर चौथ्या आठवड्यातच आशा सोडली होती.

शेवटी म्हणाल्या, 'आता घरी काय सांगाल, ते मला सांगून दाखवा.' मी म्हणाले, 'मळमळू नये म्हणून थोडी थोडी रोज घेईन.' त्यांनी पेन खाली ठेवलं. रोज घेतली तर रक्तपेशी तयार होणंच बंद पडू शकतं, माणूस दगावू शकतो. चिठ्ठीवर मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलं, 'फक्त रविवारी'. मला पुन्हा म्हणायला लावलं. ती चिठ्ठी अजून मशीनच्या खणात आहे.

दर खेपेला त्या हातापायांचे २८ सांधे दाबून बघतात. दाबताना नजर सांध्यावर नसते, माझ्या चेहऱ्यावर असते. मग दहा सेंटिमीटरची रेघ पुढे करतात, त्रास किती वाटतो तिथे खूण करायची. तीन महिन्यांनी सूज उतरली होती, अंगातली सूज दाखवणारा रक्तातला ईएसआर खाली आला होता, तरी माझी खूण सहाच्या पुढेच. 'रिपोर्ट चांगले आहेत, मग दुखतंय कसं' असं त्या म्हणाल्या नाहीत. झोप कशी आहे, विचारलं. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, 'लेकीला होईल का हो?' लेक बाहेर बाकावर बसली होती. शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते, पण बहुतेकांच्या मुलांना होत नाही, असं त्यांनी समजावलं. त्या दिवशी औषधाची मात्रा वाढवली नाही.

मळमळ थांबेना म्हणून गोळ्यांऐवजी कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन दिलं. ते लेक टोचते. त्यानं सोमवार सुटला. फोलिक अ‍ॅसिडची गोळी चालूच आहे. रक्त आणि लिव्हरच्या तपासण्या आधी दर महिन्याला होत्या, आता तीन महिन्यांनी असतात. उजव्या हाताची दोन बोटं थोडी वाकडी राहिली आहेत, ती सरळ होणार नाहीत. काज बाहेरून करून घेते. कात्री चालते.

पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. मधे दोन रविवार इंजेक्शन घेतलं नाही, कारण छातीत कफ होऊन ताप आला होता. थांबवायच्या आधी फोन करून विचारलं होतं.